परक्या शहरातला रविवार

गेल्या पावसाळ्यात माझी भाची भेटायला आली. ती बेंगळूरुमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि कंपनी तिला सहा आठवड्यांसाठी नैरोबीला पाठवत होती. सोमवार ते शुक्रवार काम, शनिवार-रविवार मोकळे. कंपनीने तिच्या हाती चार पानांचे एक टिपण ठेवले होते आणि त्यात काय करू नये याच्या सव्वीस सूचना होत्या. ‘‘मामा, काय करावं हे यात कुठंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘सहा आठवड्यांचे सगळे शनिवार-रविवार खोलीतच बसून काढायचे का?’’

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. २०१२ मध्ये शहर-नियोजनाच्या एका बैठकीसाठी मी नैरोबीला गेलो होतो. मधल्या सुटीत हॉटेलबाहेर पडू नका, असे आम्हाला बजावण्यात आले होते. तीस वर्षे परिपत्रके पाळण्यात गेलेली असल्याने मी तेही निमूटपणे पाळले. नैरोबीचा जन्म १८९९ मध्ये रेल्वेच्या तळातून झाला आणि ती रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले होते. इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेतलेला मी त्याच शहरात दोन दिवस दूरचित्रवाणीवर क्रिकेट पाहत बसलो.

ती भीती निराधार होती, असे मी म्हणणार नाही. नैरोबीत लूटमार होते. १९९८ मध्ये तेथील अमेरिकी वकिलातीवर बॉम्बहल्ला झाला आणि माझ्या भेटीनंतर वर्षभराने, सप्टेंबर २०१३ मध्ये, वेस्टगेट या मॉलवरील हल्ल्यात ६७ निरपराध माणसे मारली गेली. परंतु खबरदारी आणि कोंडून घेणे यांतला फरक मला तेव्हा कळला नव्हता. तो मला परतीच्या दिवशी दुपारी कळला. बैठकीत ओळख झालेले एक स्थानिक अधिकारी माझी अवस्था पाहून हसले आणि शहराच्या गजबजलेल्या मध्यभागी असलेल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मला घेऊन गेले. ‘‘पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि माझ्याबरोबर चाला,’’ एवढीच त्यांची सूचना होती.

त्या इमारतीच्या तळमजल्यावर जोसेफ मुरुंबी यांचा संग्रह मांडलेला आहे. आफ्रिकेच्या नाना भागांतील मुखवटे, वस्त्रे, शिल्पे, दागिने आणि दुर्मीळ पुस्तके त्यात आहेत. मुरुंबींचे वडील गोव्याचे, व्यापारी, आई मासाई. १९५२ मध्ये जोमो केन्याटांना अटक झाल्यावर ‘केनिया आफ्रिकन युनियन’चे काम पुढे नेणाऱ्यांत ते होते आणि १९६६ मध्ये काही महिने स्वतंत्र केनियाचे उपराष्ट्राध्यक्षही. या साऱ्यापेक्षा मला थबकायला लावणारी गोष्ट वेगळीच होती. त्यांचे शालेय शिक्षण भारतात झाले होते आणि त्यातली काही वर्षे बेंगळूरुत. ज्या छावणी भागातून मी वर्षानुवर्षे कार्यालयात जात आलो, तेथे शंभर वर्षांपूर्वी हा मुलगा शाळकरी होता, हे मला नैरोबीत जाऊन कळले. तेही त्या अधिकाऱ्याने हात धरून बाहेर काढले म्हणून.

भाचीला मी हे सारे सांगितले आणि टिपणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिला काही गोष्टी लिहून दिल्या. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घे. नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर तुला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंधार पडल्यावर पायी हिंडू नकोस आणि रस्त्यात फोन हातात मिरवू नकोस. गाडी अ‍ॅपवरूनच बोलाव. बाहेर जाताना कुठे जातेस आणि कधी परततेस, हे कुणाला तरी सांगून जा. पहिल्याच आठवड्यात कार्यालयातल्या स्थानिक सहकाऱ्याला विचार, की तो स्वतः आपल्या बहिणीला कुठे नेईल आणि कुठे नेणार नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान शहराच्या अगदी वेशीवर आहे; तेथे भल्या पहाटे जा. मुरुंबींचा संग्रह चुकवू नकोस. सिटी पार्कमध्ये मुरुंबींची समाधी आहे आणि तिच्याजवळच पियो गामा पिंटो यांची. नैरोबीत जन्मलेला, गोव्यात आणि धारवाडला शिकलेला हा गोमंतकीय पत्रकार केनियाच्या स्वातंत्र्यासाठी बंदिवासात राहिला आणि स्वातंत्र्यानंतर, फेब्रुवारी १९६५ मध्ये, त्याच शहरात गोळ्या घालून त्याची हत्या झाली. तेथे मात्र एकटी जाऊ नकोस, सहकाऱ्यांबरोबर जा.

एवढ्यावर हा लेख संपला असता. परंतु टिपण लिहिताना मला एका वेगळ्या माणसाची आठवण होत होती.

निवृत्तीनंतर मी बेंगळूरुतील एका प्रशिक्षण संस्थेत अधूनमधून व्याख्याने देत असे. भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमाखाली, म्हणजे ज्याला सारे ‘आयटेक’ म्हणतात त्याखाली, तेथे आफ्रिकी देशांतले अधिकारी येत. हा कार्यक्रम सप्टेंबर १९६४ पासून चालू आहे. विमानभाडे, निवास, शिक्षण, दैनिक भत्ता हा सारा खर्च भारत सरकार करते आणि तो योग्यच आहे. एका तुकडीत केनियातले एक मध्यमवयीन महसूल अधिकारी होते. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी मी त्यांना विचारले, शहरात काय काय पाहिलेत? लालबाग? कब्बन पार्क? ते संकोचले. पहिल्या रविवारी ते एकटेच बाहेर पडले होते. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. दोन तरुणांनी न विचारता त्यांचे छायाचित्र काढले. एका चौकात पोलिसाने पारपत्र मागितले, तपासले आणि काही न बोलता परत दिले. ‘‘कुणी मला इजा केली नाही,’’ ते म्हणाले. दुसऱ्या रविवारी मात्र ते वसतिगृहाबाहेर पडले नाहीत आणि नंतरच्या सहाही रविवारी नाहीत.

त्यांच्या मनात काय होते, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. ३१ जानेवारी २०१६ च्या रात्री बेंगळूरुच्या वेशीवर, हेसरघट्टा भागात, एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक स्त्री मृत्युमुखी पडली. थोड्या वेळाने तेथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीचा त्या अपघाताशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही जमावाने तिला आणि तिच्या मित्रांना मारहाण केली व त्यांची गाडी पेटवली. पुढे अटका झाल्या, काही पोलीस निलंबित झाले, परराष्ट्रमंत्र्यांनी तीव्र वेदना व्यक्त केली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा काही जणांनी जीव घेतला, तेव्हा आफ्रिकी राजदूतांनी ‘आफ्रिका दिना’च्या सोहळ्यावर बहिष्कार टाकण्याचा इशारा दिला होता. नैरोबी सुरक्षित आहे का, असे आपण विचारतो. नैरोबीतही कुणी कुटुंबीय जमून बेंगळूरुविषयी हाच प्रश्न विचारत असतील, हे आपल्या लक्षात येत नाही.

मराठी वाचकांना येथे अप्पासाहेब पंतांचे स्मरण व्हावे. औंधचे हे राजपुत्र १९४८ पासून नैरोबीत स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त होते. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी इतकी जवळीक साधली की वसाहतीच्या सरकारला ते खुपू लागले आणि १९५४ मध्ये त्यांना तेथून हलवावे लागले. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतीय शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी परिश्रम घेतले. त्या शिष्यवृत्त्यांमागचा विचार असा होता, की भारतात राहून गेलेला विद्यार्थी भारताचा मित्र होऊन परतेल. सात रविवार खोलीत काढलेला अधिकारी कसला मित्र होऊन परतणार?

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यामागे एक यजमान कुटुंब नेमावे. निवृत्त अधिकाऱ्यांच्या संघटना हे काम आनंदाने करतील. तुकडी येण्याआधी संस्थेने जवळच्या पोलीस ठाण्याला तिची माहिती द्यावी, आणि तिच्या सुरक्षेसाठी द्यावी, तिच्यावर नजर ठेवण्यासाठी नव्हे. पाहुण्यांना देण्याच्या टिपणात निदान अर्धे पान ‘काय करावे’ यासाठी राखावे. मी सेवेत असताना अशी अनेक टिपणे माझ्या सहीने गेली आणि त्यांत हे अर्धे पान नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

भाची सुखरूप परतली. तिला पहाटे उद्यानात गेंडा दिसला आणि एका सहकारी महिलेच्या घरी तिने रविवारचे जेवण घेतले. तेथे चपातीला चपातीच म्हणतात, याचे तिला फार अप्रूप वाटले. पुढच्या महिन्यात तीच सहकारी कामासाठी बेंगळूरुला येत आहे. तिलाही एक टिपण मिळाले असेलच. रविवारी सकाळी आठ वाजता लालबागच्या दारात भेटायचे, असे दोघींचे ठरले आहे. मीही जाणार आहे.