शस्त्रक्रियेनंतरचे विस्मरण

घरातला कर्ता माणूस मेंदूतली गाठ काढून नांदेडहून किंवा हैदराबादेहून परत आला, की वसमतसारख्या गावात त्याच्या ओसरीवर माणसे जमतात. येणारा प्रत्येकजण आपुलकीने येतो आणि आपुलकीनेच एक प्रश्न विचारतो : "काय काका, ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?" डोक्याला पट्टी बांधलेला तो गृहस्थ हसतो. कधी बरोबर नाव सांगतो, कधी भलतेच. भलतेच सांगितले की पाहुणा निघताना उंबऱ्यापाशी घरच्यांना हळूच म्हणतो, "अजून डोकं ठिकाणावर आलेलं दिसत नाही." ते रोग्याला ऐकू जाते. अर्ध्या तासाने आपण काय ऐकले हे तो विसरून जातो. पण खट्टू झालेले मन तसेच राहते, आणि ते का खट्टू झाले याचे कारण त्याला सांगता येत नाही.

या माणसाला नेमके झाले आहे काय, आणि त्याच्यासह घर चालवायचे कसे, एवढ्यापुरताच आज विचार करू.

"स्मृती गेली" असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे एखादे कोठार असते. कोठाराला आग लागली, आतले धान्य जळाले, संपले. हे चित्र चुकीचे आहे, आणि या चुकीच्या चित्रापायीच घरोघर रोग्याचे हाल होतात. आपल्या मोंढ्यातले आडत दुकान डोळ्यांपुढे आणा. दिवसभराचा व्यवहार आधी रोजमेळात लिहिला जातो. मग मुनीम त्यातली एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवतो. समजा, हा मुनीम आजारी पडला. जुन्या खतावण्या कपाटात शाबूत आहेत. दहा वर्षांपूर्वी कोणाकडे किती बाकी होती ते आजही काढून दाखवता येईल. समोर आलेल्या गिऱ्हाइकाशी मालक शहाणपणाने बोलतो, भाव नीट ठरवतो. परंतु आजचा व्यवहार उद्यासाठी खात्यावर चढत नाही. दुकान जळालेले नाही. उतरवणी थांबली आहे.

मेंदूत हे मुनिमाचे काम करणारा भाग दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, खोलवर असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेवरून त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. तेथून तंतूंचा एक जुडगा निघतो, कमानीसारखा वळतो आणि मेंदूच्या मधोमध असलेल्या तिसऱ्या पोकळीला लागून खाली उतरतो. या वाटेवर कोठेही गाठ झाली, की उतरवणीत खंड पडू शकतो. तिसऱ्या पोकळीत चिकट द्रवाने भरलेली कोलॉइड सिस्ट होते, पीयूषिका ग्रंथीच्या वरच्या अंगाला क्रेनिओफॅरिंजिओमा होतो, कानशिलामागच्या खंडात ग्लायोमा होतो. यांतल्या काही गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या काढल्या की जीव वाचतो. पण त्या बसलेल्या असतात नेमक्या मुनिमाच्या गादीला टेकून. शस्त्रक्रियेने विस्मरण येऊ शकते हे खरेच. तथापि गाठीच्या दाबामुळे ते पुष्कळदा आधीच सुरू झालेले असते, फक्त घरच्यांनी ते वयावर किंवा व्यापावर ढकललेले असते.

ही उतरवणीची गोष्ट जगाला ज्या एका माणसामुळे कळली त्याचे नाव हेन्री मोलेसन. अमेरिकेतल्या या तरुणाला गाठ नव्हती. कोणत्याही औषधाला न जुमानणारे फेफरे होते. १९५३ साली, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा आतला भाग बराचसा काढून टाकला. फेफरे पुष्कळ कमी झाले. बुद्धी जशीच्या तशी राहिली. लहानपणच्या गोष्टी तो सांगत असे. पण नवे काही टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि दर वेळी त्यांना आपली ओळख नव्याने करून द्यावी लागे. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला, आणि मेंदूचा हा भाग दोन्हीकडून काढू नये हा धडा शल्यविशारदांनी त्यातून घेतला. मोलेसन २ डिसेंबर २००८ रोजी, ८२ व्या वर्षी वारले. तोपर्यंत शास्त्रीय ग्रंथांत त्यांची फक्त आद्याक्षरे छापली जात.

मिल्नरबाईंचा एक प्रयोग आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. कागदावरची चांदणी, हात आरशात पाहून, दोन रेषांच्या मधून गिरवायची. करून पाहावे, हात उलटाच धावतो. मोलेसन यांनी हे तीन दिवस केले आणि दररोज त्यांचा हात सुधारत गेला. तिसऱ्या दिवशी त्यांची रेघ सफाईने फिरली, पण आपण हे पूर्वी कधी केले आहे याची त्यांना आठवण नव्हती. याचा अर्थ हाताचे शिकणे वेगळ्या वहीत लिहिले जाते, आणि ती वही मुनिमाच्या ताब्यात नसते.

म्हणूनच सकाळी काय खाल्ले ते न आठवणारा माणूस संध्याकाळी हरिपाठ खंड न पडता म्हणतो. हळद शिजली की नाही हे हळकुंडात काडी टोचून ज्याने तीस वर्षे पाहिले, त्याचा हात आजही चुकत नाही. फक्त ही कढई कितवी, हे त्याला विचारू नये. घरच्या माणसांना यात विसंगती दिसते. "हरिपाठ बरा आठवतो, आणि बायकोने सांगितलेला निरोप आठवत नाही!" असे टोमणे मी ऐकले आहेत. विसंगती त्या माणसात नाही. दोन वह्या निरनिराळ्या आहेत, इतकेच.

मनाला लागलेले तर आणखीच निराळ्या ठिकाणी उतरते. जिनिव्हाचे क्लापारेद हे डॉक्टर अशाच एका विस्मरण झालेल्या बाईला रोज भेटत आणि ती रोज त्यांना अनोळखी समजे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या भेटीत ती त्यांना ओळखत नव्हती, टाचणीचीही आठवण नव्हती, तरी तिने हात पुढे केला नाही. हा वृत्तांत त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केला. प्रयोग काहीसा क्रूर आहे खरा. २०१० साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अधिक सौम्य मार्गाने तेच दाखवले : हिप्पोकॅम्पस बिघडलेल्या पाच रोग्यांना दुःखद चित्रपटांचे तुकडे दाखवले, चित्रपट ते विसरले, पण दुःख मागे रेंगाळले. ओसरीवरचा तो उंबऱ्यापाशी बोललेला शब्द येथे आठवावा.

"किती दिवसांत पूर्ववत होईल?" हा प्रश्न साहजिक आहे. पहिल्या काही महिन्यांत, मेंदूची सूज ओसरते तसतसे, बरेच सुधारते. फेफऱ्याच्या गोळ्यांनीही डोके जड राहते. ते खरे विस्मरण नव्हे, त्याविषयी डॉक्टरांशी बोलावे, गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. पुढे किरणोपचार, म्हणजे ज्याला आपल्याकडे "लाईट देणे" म्हणतात, ते झाले असतील तर त्यांचाही परिणाम असतो. याबाबतीत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने जगाला उपयोगी पडणारे काम केले. ३ ते २५ वर्षे वयाचे, साध्या किंवा सावकाश वाढणाऱ्या गाठींचे २०० रुग्ण २००१ पासून २०१२ पर्यंत घेऊन त्यांनी दोन पद्धती ताडून पाहिल्या : नेहमीची, आणि गाठीपुरतेच किरण नेमके रोखणारी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, पाच वर्षांच्या अवधीत नेमक्या पद्धतीच्या गटाची बुद्धी अधिक चांगली टिकली आणि जगण्याच्या प्रमाणात काही उणे आले नाही. मुलाबाळांच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांना उपचारापूर्वीच विचारण्याजोगा आहे.

जे परत यायचे नाही त्याचे काय? तेथे वही लागते. मी ऐपतीची किंवा यंत्राची गोष्ट बोलत नाही; शाळकरी मुलाची दोन-अडीच रेघी वही पुरते, आणि ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याने त्यात गजर लावावेत. पण लिहून ठेवणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे अशी लाज पुरुषमंडळींना वाटते. रोजमेळ लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी मंदबुद्धी म्हणत नाही. एकाच्या आठवणी अनेकांनी मिळून लिहून ठेवायच्या हे तरी आपल्याला कुठे नवे आहे? चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि इतर भक्तांकडून गोळा केल्या, म्हणून लीळाचरित्र झाले. वहीच्या पहिल्या पानावर रोग्याच्या शब्दांत, शक्य तर त्याच्याच अक्षरात, काय झाले ते लिहावे : अमुक तारखेला गाठ काढली, आता मी घरी आहे, मला नवीन गोष्टी राहत नाहीत, म्हणून ही वही. पुढे रोज कोण आले, काय ठरले, पैसे कोणाला दिले. वहीची जागा ठरलेली असावी आणि ती कोणी हलवू नये.

शिकवताना "आठव बरं, अंदाजाने सांग" असे म्हणू नये. आपल्याला चूक आठवते म्हणून आपण ती टाळतो; याला चूक केल्याचेही आठवत नाही, आणि तोंडून एकदा निघालेले चुकीचे उत्तर हाताच्या सवयीसारखे घट्ट बसते. इंग्लंडमध्ये विल्सन, बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हे दाखवून दिले. म्हणून उत्तर आधी आपण सांगावे, त्याने ते म्हणावे, मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा. पाहुण्याने दारातूनच, "काका, मी तुमचा भाचा, परभणीहून आलो," म्हणावे. किती सोपे आहे!

आणखी एक. हा माणूस कधी कधी न घडलेली गोष्ट ठासून सांगतो : काल मी मोंढ्यात गेलो होतो, म्हणतो. घरचे म्हणतात खोटे बोलतो. तो खोटे बोलत नसतो. रिकाम्या पानावर मेंदू जुन्या पानातली नोंद आपोआप उतरवतो आणि त्याला ती आजचीच वाटते. वाद घालून काही मिळत नाही. वही उघडावी.

मात्र औषधांच्या बाबतीत त्याच्या शब्दावर विसंबू नये. "घेतली गोळी" हे तो प्रामाणिकपणे सांगतो आणि ती घेतलेली नसते. पीयूषिका ग्रंथीच्या परिसरातली गाठ काढलेल्या काहींना हायड्रोकॉर्टिसोनची गोळी आयुष्यभर लागते. तिचे डोस चुकले तर जीव धोक्यात येतो. वारांचे कप्पे असलेली डबी आणि घरातले एक ठरलेले माणूस, याला पर्याय नाही. डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, गुंगी आली, झटका आला किंवा विस्मरण एकाएकी वाढले, तर तो स्वभाव समजून बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मदत किती करावी याचे उदाहरण मोठे बोलके आहे. वाइल्डर पेनफील्ड या प्रख्यात शल्यविशारदाने १९२८ साली आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढली. सुमारे सव्वा वर्षाने तिने त्याला जेवायला बोलावले. तो पोहोचला तेव्हा सगळे साहित्य मांडलेले, एकदोन पदार्थ चुलीवर, आणि बाई गोंधळून उभी. तिला स्वयंपाक येत नव्हता असे नाही. आधी काय, मग काय, हे एकटीला जुळेना. शेजारी कोणी उभे राहिले की जुळत असे. तिच्या हातचा पळा काढून घेण्याची गरज नव्हती. आपल्या घरांत नेमके तेच आधी होते : "तुम्ही बसा, आम्ही करतो."

सर्वांत कठीण प्रसंग मृत्यूच्या वार्तेचा. जवळचे माणूस गेल्याचे याला सांगावे, तो रडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो, "आई कुठे आहे?" दर वेळी सांगावे तर दर वेळी दुःख नवे; न सांगावे तर फसवणूक. मोलेसन यांनी यावर आपल्यापुरता मार्ग काढला होता. वडील वारले आहेत आणि आई शुश्रूषागृहात आहे, अशा चिठ्ठ्या ते स्वतःजवळ बाळगीत. माझे मत विचाराल तर, अशी नोंद वहीत असावी, तारखेसह, त्याच्याच अक्षरात. त्याने विचारले की वही उघडून द्यावी, आणि तो वाचत असताना घरातल्या कोणीतरी शेजारी बसावे.