गाडीत स्वयंपाकघर हवे, पण गाडी कापायची नाही. मग पेटी अशी बनवा

वारी, देवदर्शन, धरणाकाठची सहल किंवा शेतातला मुक्काम. जीपच्या डिकीत बसणारी आणि हवी तेव्हा काढता येणारी स्वयंपाकाची पेटी गावातल्या सुताराकडूनही बनवून घेता येते. मात्र वजन, गॅस आणि कायदा या तीन गोष्टी आधी समजून घ्या.

हिंगोली : चाकावरचे स्वयंपाकघर ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. संत नामदेवांचे जन्मगाव असलेले नरसी याच जिल्ह्यातले. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखीही दरवर्षी हिंगोली जिल्ह्यातून जाते. दिंडीच्या पुढे शिधा, पातेली आणि शेगड्या घेऊन एक टेम्पो धावत असतो. तो मुक्कामी आधी पोहोचतो आणि वारकरी येईपर्यंत चूल पेटलेली असते. हळदीच्या हंगामात तर हळद शिजवणारा बॉयलरच ट्रॉलीवर बसून शेताच्या बांधावर येतो.

आता हीच कल्पना थार, बोलेरो, जिम्नी अशा गाड्यांच्या डिकीत येऊ लागली आहे. सोशल मीडियावर परदेशातले व्हिडिओ दिसतात. डिकीतून कप्पा ओढला की शेगडी, दुसरा ओढला की भांडी. ते पाहून अनेक जण थेट वेल्डिंगच्या दुकानात जातात. खरी चूक तिथेच होते.

कल्पना नेमकी कुठली?

अमेरिकेतील टेक्सासमध्ये १८६६ साली चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने गुरे हाकणाऱ्यांसाठी लष्कराची जुनी गाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला लाकडी पेटी बसवली. पेटीत पीठ, मसाले आणि भांड्यांसाठी कप्पे होते. झाकण खाली पाडले की त्याचाच ओटा व्हायचा. आजच्या सगळ्या महागड्या 'कॅम्प किचन'चे मूळ या साध्या पेटीत आहे. झाकण हाच ओटा, एवढे तत्त्व लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

गाडी कापली तर काय होते?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातील कलम १८२ए बदलण्यात आले. त्यात मालकाने असा फेरफार केल्यास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद करण्यात आली.

मागची सीट कायमची काढली तर नोंदणीतील आसनसंख्याच बदलते. पत्र्याला भोके पाडली की गंज लागतो आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यावर प्रश्न उभा राहू शकतो. सुटी पेटी मात्र सामानासारखी आत ठेवायची आणि उतरवायची असते. त्यामुळे वेल्डिंग नको, ड्रिल नको आणि सीटला हात नको.

माप आधी, प्लायवूड नंतर

टेप घेऊन डिकीची चार मापे घ्या: तळाची रुंदी, दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी, खोली आणि मागच्या दाराची उंची. पेटी आत मावते, पण दारातून जात नाही, असे हमखास होते. मागे समोरासमोरची बाके असतील तर ती धरून माप घ्या.

परदेशी व्हिडिओंतील गाड्यांचा मागचा फाळका बहुतेक वेळा खाली उघडतो आणि त्यावर शेगडी ठेवता येते. थार आणि बोलेरोचे मागचे दार आडवे उघडते. त्यावर वजन टाकायचे नसते. त्यामुळे आपल्याकडे पेटी खाली उतरवून पायांवर उभी करणे अधिक सोयीचे.

सुताराला द्यायचे माप

उदाहरणादाखल ३६ इंच रुंद, २० इंच खोल आणि १६ इंच उंच पेटी धरू. वरचा-खालचा भाग मिळून १० चौरस फूट, दोन बाजू साडेचार, मागचा भाग ४, पुढचे झाकण ४ आणि मधला पडदा सव्वादोन. एकूण सुमारे २५ चौरस फूट. म्हणजे ८ बाय ४ फुटांच्या, ३२ चौरस फुटांच्या एका प्लायवूडमध्ये पेटीचा सांगाडा निघतो.

प्लायवूड १२ मिलिमीटरचे पुरते. अख्खी शीट साधारण २४ किलोची असते, म्हणजे सांगाडा १८ ते १९ किलोंचा होईल. तेच १८ मिलिमीटरचे घेतले तर हा आकडा २८ च्या आसपास जातो. पाणी आणि वाफेचा संबंध असल्याने 'आयएस ७१०' शिक्का असलेले मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा वॉर्निशने बंद करा. ओल कडांतूनच शिरते.

डाव्या कप्प्यात शेगडी, तवा, परात आणि पोळपाट-लाटणे. उजवीकडे दोन खण: वर मिसळणाचा डबा आणि चमचे, खाली पीठ, तांदूळ, डाळ. खणांना कुलूप बसणारे चॅनेल किंवा बाहेरून कडी हवीच. नाहीतर पहिल्याच चढावर खण उघडून सगळे पीठ डिकीत सांडते. पाय १८ इंचांचे, घडीचे किंवा पेच फिरवून लावायचे. १८ अधिक १६ म्हणजे ३४ इंच, साधारण घरच्या ओट्याएवढी उंची. कमरेत वाकून भाकरी थापावी लागणार नाही.

जोड नुसत्या खिळ्यांवर सोडू नका. लाकडाचा गोंद आणि स्क्रू दोन्ही वापरा. जिथे ताण येतो तिथे आरपार बोल्ट आणि नायलॉक नट लावा. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या पांदण रस्त्याने गाडी गेली की साधा नट हादऱ्याने सैल होतो.

सर्वात मोठा धोका: सुटी पेटी

सामान भरल्यावर पेटी सहज ४० किलोंची होते. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर हीच पेटी साडेपाचशे किलोंहून अधिक जोराने पुढे जाते. समोर मागच्या सीटवर बसलेल्यांची पाठ असते.

म्हणून मागची सीट उभी ठेवा आणि पेटी तिला चिकटून बसवा, मध्ये फट नको. खाली रबरी मॅट टाका. कंपनीने डिकीत दिलेल्या हुकांना रॅचेट पट्ट्यांनी चारही बाजूंनी आवळा. हुकांची क्षमता गाडीच्या पुस्तिकेत पाहा. दोरी किंवा सायकलच्या ट्यूबवर भरवसा ठेवू नका. जड सामान पेटीच्या तळाशी ठेवा. टपावर पेटी नेणे टाळा, वजन जितके वर तितकी गाडी वळणावर झुकते.

गॅसचे काय?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. मग स्टार्टरची एक ठिणगी पुरते. त्यामुळे वापर संपताच रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा, तो उभा आणि बांधलेला ठेवा. घरचा १४.२ किलोंचा सिलिंडर नेऊ नका. थोड्या माणसांसाठी ५ किलोंचा किंवा छोट्या ब्युटेन डब्यांची शेगडी पुरते. हे डबे ५० अंशांहून जास्त तापू द्यायचे नसतात. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा आतला भाग त्याहून अधिक तापू शकतो. गाडी उन्हात सोडून जाताना डबे सावलीत काढून ठेवा.

स्वयंपाक कायम बाहेर. पाऊस आला म्हणून डिकीत शेगडी पेटवायची नाही. बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. शेगडी गाडीपासून किमान दहा फूट दूर असावी. वाळलेले गवत किंवा काढणीनंतरचे काड असलेल्या रानात ती पेटवू नका. एक किलोचे एबीसी अग्निशामक पेटीच्या आत नको, हाताला येईल असे बाहेर बांधा.

निघण्यापूर्वी

- पेटी दोघांना उचलता येते का? नसेल तर सामान कमी करा.
- प्रवासी, पाणी आणि पेटी मिळून वजन गाडीच्या मर्यादेत आहे का?
- मागच्या आरशातून रस्ता दिसतो का?
- जॅक, स्टेपनी आणि पान्याचा डबा पेटीखाली अडकलेला नाही ना?
- धरण किंवा वनक्षेत्रात चूल पेटवण्याची परवानगी घेतली का?

पहिला स्वयंपाक धरणाकाठी नको, घराच्या अंगणात करा. काय विसरले आणि काय जास्त झाले, ते तिथेच कळते. मग भरलेली पेटी घेऊन वीसेक किलोमीटर खराब रस्त्याने फिरून या आणि परतल्यावर प्रत्येक नट, कडी आणि पट्टी हाताने तपासा. जे सैल झाले असेल, ते लांबच्या प्रवासात नक्की निघणार होते.