निम्झोविच-लार्सन सुरुवात

निम्झोविच-लार्सन सुरुवात ही बुद्धिबळातील पांढऱ्या बाजूने खेळली जाणारी एक अल्पप्रचलित सुरुवात आहे. १. बी३ या चालीने ती सुरू होते आणि पुढच्याच चालीत वजिराच्या बाजूचा उंट बी२ या घरावर येऊन ए१ ते एच८ या लांब कर्णावर नजर रोखतो. सुरुवातींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिचा क्रमांक ए०१ आहे. आरोन निम्झोविच (१८८६–१९३५) आणि डॅनिश ग्रँडमास्टर बेंट लार्सन (१९३५–२०१०) या दोघांची नावे तिला जोडलेली आहेत. निम्झोविच बहुधा आधी घोडा एफ३ वर आणून मग बी३ खेळत असे. पहिल्याच चालीत बी३ खेळण्याचा धीटपणा मुख्यतः लार्सनचा.

या लेखात उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी खालून १ ते ८ अशा धरल्या आहेत. नुसते घर लिहिले असेल तेथे प्याद्याची चाल समजावी.

सुरुवातीमागील कल्पना

पांढऱ्याने ई४ किंवा डी४ खेळून पटाचे केंद्र प्याद्यांनी व्यापावे, ही बुद्धिबळातील जुनी शिकवण. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात निम्झोविच, रिचर्ड रेटी आदी खेळाडूंनी तिला आव्हान दिले. केंद्र व्यापलेच पाहिजे असे नाही. ते दुरून मोहऱ्यांच्या माऱ्याखाली ठेवता येते आणि प्रतिस्पर्ध्याने तेथे प्यादी आणली तर तीच लक्ष्य होतात, असे त्यांचे म्हणणे होते. बी२ वरचा उंट या विचाराचे सर्वांत सोपे उदाहरण होय. तो स्वतः कोपऱ्याजवळ सुरक्षित असतो, पण ई५ या घरावर त्याचा दाब पहिल्यापासून असतो. या सुरुवातीतील जवळजवळ प्रत्येक प्रकाराचा गाभा ई५ साठीची झुंज हाच आहे. हे लक्षात ठेवले की पुढच्या बहुतेक चाली तर्काने सापडतात.

या उंटाची ताकद किती, हे दाखवणारा डाव लार्सनच्या बऱ्याच आधीचा आहे. १८८९ साली ॲमस्टरडॅम येथे इमॅन्युएल लास्करने योहान बाउअरविरुद्ध १. एफ४ ने सुरुवात करून पुढे बी३ आणि उंट बी२ असा व्यूह रचला. डी३ वरच्या उंटाने एच७ चे प्यादे मारले, बी२ वरच्या उंटाने जी७ चे. दोन्ही उंटांचे बलिदान देऊन लास्करने राजाभोवतीची भिंतच काढून टाकली आणि वजीर व हत्ती आत आणले. दोन उंटांच्या बलिदानाचा हा नमुना आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो.

पांढऱ्याला होणारा लाभ

‘प्रतिस्पर्धी चकित होतो’ हा अल्पप्रचलित सुरुवातींचा नेहमी सांगितला जाणारा गुण. तो खरा असला तरी त्याचे मोल फारसे नाही. चकित झालेला माणूस दहा मिनिटे विचार करून सावरतो. या सुरुवातीचा खरा लाभ निराळा आहे. स्पॅनिश सुरुवात किंवा सिसिलियन बचावाचा नायडॉर्फ प्रकार खेळायचा तर वीस-वीस चालींच्या शाखा पाठ असाव्या लागतात, आणि त्यांतील एका विस्मरणाने डाव जाऊ शकतो. काळा कोणता बचाव निवडेल हेही पांढऱ्याच्या हाती नसते. त्यामुळे सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान या सर्वांची तयारी वेगवेगळी करावी लागते. १. बी३ नंतर मात्र पांढऱ्याची मांडणी बरीचशी ठरलेली असते: उंट बी२, प्यादे ई३ आणि बहुतेक वेळा दुसरा उंट बी५ वर. नियमित प्रशिक्षक नसलेल्या, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावाहून स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूसाठी हा फरक लहान नाही. त्याचा मर्यादित वेळ पाठांतराऐवजी मधल्या खेळाच्या आणि अंतिम खेळाच्या अभ्यासाला मिळतो.

दुसरा लाभ लवचीकपणाचा. बी३ नंतर पांढरा सी४ खेळून इंग्लिश सुरुवातीकडे, एफ४ खेळून बर्डच्या सुरुवातीकडे किंवा घोडा एफ३ खेळून रेटीकडे वळू शकतो. ज्याला हे सगळे मार्ग ठाऊक आहेत त्याला काळ्याची पसंती पाहून आपली निवड करता येते.

या सगळ्याची किंमत आहे. उच्च दर्जाच्या डावांत पहिल्या चालीमुळे पांढऱ्याला सरासरी ५२ ते ५६ टक्के गुण मिळतात असे दिसते. बी३ खेळणारा या थोडक्या आघाडीवर बहुतांशी पाणी सोडतो. संगणकाच्या मते अशी स्थिती जवळपास समसमान असते. म्हणजे पांढरा आघाडी देऊन ओळखीचे मैदान विकत घेतो. हा सौदा जगज्जेतेपदाच्या लढतीत क्वचितच परवडेल, जिल्हा किंवा राज्य पातळीवर बहुतेकदा परवडतो.

काळ्याची प्रत्युत्तरे

सर्वांत कसाची चाल १... ई५ हीच आहे. उंट जेथे नेम धरणार तेथेच काळा प्यादे आणतो. त्यानंतर २. उंट बी२ घोडा सी६ ३. ई३ डी५ ४. उंट बी५ हा प्रकार मुख्य मानला जातो. ई५ च्या प्याद्याला आधार देणारा सी६ वरचा घोडा आता राजासमोर जखडला गेला आहे, म्हणून काळा ४... उंट डी६ ने आणखी एक रखवालदार बसवतो. त्यावर ५. एफ४ ही धारदार चाल आहे. काळ्याने हे प्यादे मारले तर लांब कर्ण उघडतो आणि बी२ च्या उंटाला जी७ पर्यंत वाट मिळते. मात्र ५... वजीर एच४ शह हे उत्तर पांढऱ्याने आधीच पाहिलेले असावे, ६. जी३ वर वजीर ई७ वर परततो, पण पांढऱ्याच्या राजाची बाजू थोडी सैल झालेली असते. तिसऱ्या चालीत डी५ ऐवजी घोडा एफ६ खेळणे काळ्याला अधिक शांत वाटते. तेथेही उंट बी५ आणि ई५ वर दाब हाच क्रम राहतो.

१... डी५ वर पांढरा २. उंट बी२, घोडा एफ३, ई३ आणि उंट बी५ अशी मांडणी करतो. ही निम्झो-इंडियन बचावाचीच आरशातील प्रतिमा असून पांढऱ्याच्या हाती एक चाल जास्त असते. सी६ वरचा घोडा मारून ई५ वर स्वतःचा घोडा बसवायचा आणि एफ४ ने त्याला आधार द्यायचा, ही योजना सोपी आणि टिकाऊ आहे. १... घोडा एफ६ २. उंट बी२ जी६ यावर ३. उंट × एफ६ ई × एफ६ अशी अदलाबदल करून काळ्याची प्यादी दुहेरी करता येतात. काळ्याकडे मात्र दोन्ही उंट राहतात, आणि ज्याने बी३ मुळात त्या उंटासाठी खेळली त्याला ही अदलाबदल रुचेलच असे नाही.

१९७०: एकच स्थिती, दोन डाव

या सुरुवातीचे गुण आणि धोके दोन्ही एकाच वर्षातील दोन डावांत दिसतात. मार्च–एप्रिल १९७० मध्ये बेलग्रेड येथे सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. उर्वरित जगाच्या संघात पहिला पट लार्सनकडे होता. बॉबी फिशरने दुसऱ्या पटावर बसणे मान्य केले होते. जगज्जेता बोरिस स्पास्कीविरुद्ध लार्सनने १. बी३ खेळली. डाव असा गेला: १. बी३ ई५ २. उंट बी२ घोडा सी६ ३. सी४ घोडा एफ६ ४. घोडा एफ३ ई४ ५. घोडा डी४ उंट सी५ ६. घोडा × सी६ डी × सी६.

पांढऱ्याच्या एकाच घोड्याने तीन चाली केल्या आणि तो पटावरून गेला. त्या वेळात काळ्याचे उंट मोकळे झाले आणि ई४ चे प्यादे पांढऱ्याच्या छातीवर येऊन बसले. स्पास्कीने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, घोडा जी४ वर आणला आणि एच-पट्टीतील प्यादे पुढे ढकलले. चौदाव्या चालीत त्याने हत्ती थेट एच१ वर नेऊन बळी दिला. लार्सनने तो मारताच जी-पट्टीतील प्यादे जी२ वर पोहोचले आणि सतराव्या चालीला लार्सनने डाव सोडला. त्या वेळी त्याचा ए१ चा हत्ती आणि बी१ चा घोडा मूळ घरांतून हललेही नव्हते. इतक्या कमी चालींत संपलेला असा डाव अव्वल खेळाडूंमध्ये विरळाच. तरीही त्या सामन्यातील चार डावांत लार्सनने अडीच गुण मिळवले, आणि त्यांत स्पास्कीवरील एक विजयही होता. सोव्हिएत संघाने सामना २०½–१९½ असा जिंकला.

एवढ्या गाजलेल्या पराभवानंतर बी३ गुंडाळून ठेवली जाईल असे वाटावे. पण त्याच वर्षी फिशरने, जो एरवी जवळजवळ नेहमी १. ई४ खेळत असे, ती हाती घेतली. ब्यूनस आयर्स येथे व्लादिमीर टुकमाकॉव्ह, झीगेन येथे एका प्रदर्शनीय डावात उल्फ अँडरसन आणि पाल्मा येथील आंतरविभागीय स्पर्धेत हेन्रिक मेकिंग यांना त्याने या सुरुवातीने हरवले. अँडरसनविरुद्धच्या डावात तिसऱ्या चालीअखेर तीच स्थिती आली होती जी लार्सन-स्पास्की डावात आली होती. फिशरने तेथे ४. घोडा एफ३ टाळून ४. ई३ खेळली. घोडा अजून एफ३ वर नसल्यामुळे काळ्याच्या ई४ ला हुसकावण्यासारखे काही उरले नाही. पुढे किल्लेकोट झाल्यावर त्याने राजा एच१ वर आणि हत्ती जी१ वर नेला, मग जी४ खेळून हल्ला चढवला. तेव्हा अनेकांना विचित्र वाटलेली ही योजना पुढे आदर्श मानली गेली.

बेलग्रेडमधील दोष बी३ मध्ये नव्हता, हे या तुलनेतून दिसते. पहिली चाल सावकाश खेळली की पुढच्या चालींत वेळ दवडण्याची मुभा उरत नाही. लार्सनने तीन चाली एका घोड्यावर खर्चल्या. फिशरने ई५ ला पुढे सरकण्याचे निमित्तच दिले नाही.

भारतीय खेळाशी नाते

महाराष्ट्रातील वाचकाला या सुरुवातीची ठेवण अगदीच परकी वाटू नये. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे. त्यामुळे पहिल्याच चालीत केंद्र व्यापण्याचा प्रश्नच नव्हता. प्यादी एकेक घर सरकवत, मोहरी मागे ठेवून व्यूह बांधणे हीच तेथली रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी खेळत असत. काळ्या बाजूने जी६ आणि उंट जी७ अशी मांडणी त्यांना प्रिय होती. पुढे युरोपीय खेळाडूंनी अशा बचावांना ‘इंडियन’ हे नाव दिले, त्यामागे हेच डाव असल्याचे मानले जाते. बी३ आणि उंट बी२ ही त्याच रचनेची वजिराच्या बाजूची पांढरी आवृत्ती होय.

अलीकडचा वापर आणि जवळच्या सुरुवाती

हिकारू नाकामुरा, बादुर जोबावा आणि रिचर्ड रॅपोर्ट यांच्या डावांत ही सुरुवात आढळते. जलद आणि अतिजलद प्रकारांत तिचा वापर अधिक होतो, कारण तेथे प्रतिस्पर्ध्याला घड्याळ चालू असताना अनोळखी स्थितीचा विचार करावा लागतो. नुकताच खेळ शिकलेल्या मुलांना मात्र बहुतेक शिक्षक आधी ई४ आणि डी४ च्याच सुरुवाती शिकवतात. जो खेळाडू केंद्र कसे व्यापावे हे जाणत नाही, त्याला ते दुरून कसे पाडावे हे कळणे अवघडच.

बी-पट्टीतील प्यादे दोन घरे पुढे नेणारी १. बी४ ही सोकोल्स्की सुरुवात हिची अधिक बेधडक बहीण. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेदरम्यान सावेली टार्टाकोव्हर तेथील प्राणिसंग्रहालयात गेला, ओरांगउटान पाहून आला आणि गेझा मारोत्सीविरुद्ध त्याने ही चाल खेळली. तेव्हापासून तिला ‘ओरांगउटान’ असेही म्हणतात. तो डाव मारोत्सीने जिंकला. काळ्या बाजूने याच कल्पनेचा बचाव, १. ई४ बी६, ओवेनचा बचाव म्हणून ओळखला जातो.