डिस्क जोडली, मग जागा कुठे गेली?

क्लाउड सर्व्हरला १०० जीबीचं नवं व्हॉल्यूम जोडलं, पॅनेलवर 'अटॅच्ड' झळकलं, आणि सर्व्हरवर 'डीएफ' मारला तर जागा होती तेवढीच! घाबरू नका. 'डीएफ' फक्त माउंट झालेल्या फाइल सिस्टिम दाखवतो. कोरी डिस्क पाहायची तर 'एलएसबीएलके' चालवा. ती तिथे असते.

फक्त नाव भलतंच असू शकतं. अ‍ॅमेझॉनची ईबीएस ही व्हॉल्यूम सेवा २००८ साली सुरू झाली. तिथे जोडताना तुम्ही 'एसडीएफ' लिहिता, पण जुन्या झेन सर्व्हरवर डिस्क 'एक्सव्हीडीएफ' होऊन येते आणि नव्या नायट्रो सर्व्हरवर 'एनव्हीएमई१एन१'. रीबूटनंतर हा क्रम बदलूही शकतो. म्हणून जाणकार नावावर नाही, यूयूआयडीवर विश्वास ठेवतात. हा १२८ बिटांचा ओळखक्रमांक फाइल सिस्टिमला फॉरमॅटच्या वेळीच मिळतो.

ईबीएसचं व्हॉल्यूम एका अव्हेलेबिलिटी झोनला बांधलेलं असतं. सर्व्हर मुंबई रीजनमधला आणि व्हॉल्यूमही मुंबईचंच, पण झोन वेगळे असतील तर ती जोडी जमत नाही. स्नॅपशॉट घ्यायचा आणि त्यातून हव्या त्या झोनमध्ये नवं व्हॉल्यूम बनवायचं, हाच रस्ता.

एक टीबीची डिस्क 'एमकेएफएस' काही सेकंदांत फॉरमॅट करतो, कारण तो अख्खी डिस्क पुसतच नाही. फक्त हिशेबाची पानं आखतो. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम तर त्यातलंही बरंच काम पहिल्या माउंटनंतर कर्नलकडून मागच्या मागे करून घेते. पण वेग पाहून गाफील राहू नका: जुन्या डेटाचा पत्ता हरवायला तेवढे सेकंद पुरतात. स्नॅपशॉटमधून बनवलेलं व्हॉल्यूम कोरं नसतं, त्यावर 'एमकेएफएस' चालवायचाच नाही. आधी 'एलएसबीएलके -एफ' पाहा. फाइल सिस्टिमचा रकाना रिकामा नसेल तर हात आवरा.

आता हरवलेल्या जागेचा छडा. ईएक्सटी४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १०० जीबीत ५ जीबी गेले. सिस्टिमच्या डिस्कवर ही राखीव जागा अडीअडचणीला कामी येते. निव्वळ डेटाच्या डिस्कवर ती एवढी लागत नाही, 'ट्यून२एफएस' वापरून खुशाल कमी करा.

याहून चकवणारा प्रकार आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीचा. साधारण दर १६ केबीमागे एक, या हिशेबाने १०० जीबीला सुमारे ६५ लाख आयनोड फॉरमॅटच्या वेळीच ठरून जातात. चिमुकल्या थंबनेल फाइलींचा पाऊस पडला की आयनोड संपतात आणि डिस्क अर्धी रिकामी असतानाही 'जागा नाही' असा संदेश येतो. 'डीएफ -आय' हे गुपित फोडतो. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये आयनोड लागतील तसे बनतात. ही सिलिकॉन ग्राफिक्सची १९९०च्या दशकातली निर्मिती; चालू असताना वाढवता येते, लहान करणं मात्र जवळपास विसराच. म्हणून सुरुवात लहान व्हॉल्यूमने करावी, हे माझं ठाम मत.

भरलेल्या फोल्डरवर डिस्क माउंट केली तर? भरल्या कोनाड्यावर तसबीर टांगावी तसं होतं. आतल्या फाइली दिसेनाशा होतात, पण जागा अडवून बसतातच. अनमाउंट केलं की जशाच्या तशा हजर.

आणि 'एफएसटॅब'! सर्व्हर सुरू होताना काय कुठे माउंट करायचं ते सांगणारी, सहा रकान्यांची ही साधी मजकुराची फाइल. तिच्यात यूयूआयडीचं एक अक्षर चुकलं तर सर्व्हर उठवणारा सिस्टिमडी नेहमीच्या सेटिंगवर ९० सेकंद डिस्कची वाट पाहतो, मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो, आणि एसएसएचने आत शिरता येत नाही. 'नोफेल' हा पर्याय लिहिलेला असेल तर सर्व्हर त्या डिस्कवाचूनही उठतो. तेव्हा डेटाच्या डिस्कला 'नोफेल' लावाच, आणि रीबूट करण्याआधी 'माउंट -ए' चालवून ओळ तपासून घ्या.