सालेशियन शाळांमधील आत्मिक घडण

परंपरेचा उगम

 लोणावळ्यातील डॉन बॉस्को आणि ऑक्झिलियम कॉन्व्हेंट या दोन कॅथलिक शाळांची परंपरा एकच आहे. जॉन बॉस्को (१८१५–१८८८) या इटालियन धर्मगुरूंनी तुरीन शहरात पोटापाण्यासाठी आलेल्या, कोणी वाली नसलेल्या मुलांना जवळ केले. त्यातून १८५९ मध्ये सालेशियन संघ उभा राहिला. मारिया माझारेल्लो यांच्या सहकार्याने १८७२ मध्ये भगिनींचा संघ निघाला. सालेशियन १९०६ मध्ये भारतात, तंजावरला आले.

प्रतिबंधक पद्धती

बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपल्या शिक्षणपद्धतीचे टिपण लिहिले. चूक घडल्यावर शिक्षा करण्याऐवजी चूक घडण्याची वेळच येऊ नये, असे वातावरण ठेवणे हे तिचे सूत्र. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार परस्परांवर अवलंबून आहेत. नियमामागचे कारण मुलाला पटले नाही तर धर्म धाकासारखा वाटतो. वात्सल्य नसेल तर कारणही कानाआड होते. म्हणूनच या पद्धतीत व्यक्तिमत्त्वाची वाढ आणि आत्मिक वाढ असे दोन कप्पे पाडता येत नाहीत.

मैदानावरचा सहवास

या पद्धतीची खरी कसोटी वर्गात लागत नाही, मधल्या सुट्टीत लागते. शिक्षकाने मैदानावर, मुलांच्या घोळक्यात असावे, ही अपेक्षा. कोण खेळत नाही, कोणाचा डबा रोज न उघडता परत जातो, कोण अलीकडे गप्प असतो, हे तेथेच दिसते. मे १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रात बॉस्को यांनी एका स्वप्नाच्या आधारे आपल्याच संस्थेवर टीका केली. मुले कंटाळून खांबांना टेकली आहेत आणि शिक्षक त्यांच्यात मिसळत नाहीत, असे ते चित्र होते. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते त्यांना जाणवले पाहिजे, हा पत्राचा गाभा. संस्थापकाने स्वतःच्या संस्थेची अशी हजेरी घ्यावी, हे विरळाच.

सकाळचे चार शब्द

तुरीनच्या वसतिगृहात झोपण्यापूर्वी मुलांशी दोन-तीन मिनिटे बोलण्याची प्रथा होती. दिवसशाळेत तिची जागा सकाळच्या सभेतील छोट्या बोलण्याने घेतली. विषय बहुधा साधा असतो: सापडलेली वस्तू परत करणे, आजारी वर्गमित्र, परीक्षेची भीती.

धर्मशिक्षण आणि नीतिशिक्षण

महाराष्ट्रातील बहुतेक कॅथलिक शाळांत ख्रिस्ती विद्यार्थी अल्पसंख्य असतात. त्यामुळे कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग आणि इतरांसाठी ‘मॉरल सायन्स’ची तासिका अशी विभागणी रूढ आहे. राज्यघटनेचे कलम ३० अल्पसंख्याकांना संस्था स्थापून चालवण्याचा अधिकार देते. मात्र मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणालाही धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सामील करता येत नाही, असे कलम २८(३) सांगते. विद्यार्थी अल्पवयीन असल्यास संमती पालकाची लागते.

मर्यादा

ही पद्धती मुळात घडली ती मुले चोवीस तास जवळ असलेल्या वसतिगृहात. दिवसशाळेच्या वाट्याला काही तास येतात, त्यांतले बरेचसे अभ्यासक्रमाचे. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे: संस्काराचे रूपांतर धार्मिक प्रभावात कधी होते? लोणावळा ज्या पुणे जिल्ह्यात आहे, तेथेच हा वाद एकदा भडकला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. विधवा मुलींसाठीच्या या संस्थेत धर्माबाबत तटस्थतेचे आश्वासन होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यांच्या प्रार्थनेची खोली उघडी असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. सक्ती नव्हती, पण आश्रयदात्री, शिक्षिका आणि आईसारखी व्यक्ती एकच असताना मुलींचे येणे कितपत स्वेच्छेचे मानायचे, हा प्रश्न उरलाच. १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मात्र सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, हिंदूच राहिल्या. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.