खान्देशातला उन्हाळा आणि धूळ: बाइकसाठी इंजिन ऑइल आणि फिल्टर कसे निवडाल?

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्यात रावेर-यावलच्या केळीबागांचे किंवा शिरपूरकडचे शेतरस्ते म्हणजे नुसता फुफाटा. शेतकरी असो वा दूधवाला, बहुतेकांचा दिवस बाइकवरच जातो. पण गॅरेजमध्ये "कोणतं ऑइल टाकू?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "चांगलंच टाका!" मग चांगलं म्हणजे नेमकं कोणतं?

कारचं ऑइल बाइकला का चालत नाही?

गिअरच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना एकच ऑइल असतं. क्लचप्लेट त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनला ती चालतात, पण क्लचला पकड घ्यायला घर्षणच लागतं. ते कमी झालं की क्लच घसरतो. रेस वाढते, पण गाडी ओढत नाही.

म्हणूनच १९९८ साली जपानमध्ये दुचाकींच्या ऑइलसाठी 'जासो' हे वेगळं मानक आलं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं ऑइल गिअरच्या बाइकसाठी असतं. 'एमबी' हे प्रामुख्याने गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. पर्यटनस्थळी दिसणाऱ्या चारचाकी एटीव्हीचं तत्त्वही तेच आहे. क्लच ऑइलमध्ये असेल, तर त्याला चालणारंच ऑइल हवं.

१०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०?

'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं ते सांगतो.

"आपल्याकडे ऊन जास्त, जाडच टाका" हा सल्ला सरसकट बरोबर नाही. गरजेपेक्षा जाड ऑइल सकाळी स्टार्ट केल्यावर वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं आणि मायलेजही कमी होतं. गरजेपेक्षा पातळ ऑइलचा थर तापलेल्या इंजिनात टिकत नाही. कंपनीने इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप पाहूनच ग्रेड ठरवलेला असतो. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार पर्याय दिले असतील, तर त्यातलाच निवडा.

फिल्टर: खान्देशात खरी लढाई इथेच

धुळीतले वाळूचे बारीक कण इंजिनात गेले की पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासले जातात. मग गाडी ऑइल 'पिते', धूर सोडते आणि खर्च थेट इंजिन उघडण्यापर्यंत जातो. कितीही महागडं ऑइल टाकलं, तरी ते एअर फिल्टरचं काम करू शकत नाही.

• फोमचा एअर फिल्टर मॅन्युअलनुसार धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतो.
• अनेक बाइकमध्ये तेलकट लेप दिलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नसतो आणि त्यावर हवेचा प्रेशरही मारायचा नसतो, थेट बदलायचा असतो.
• रोज धुळीत गाडी चालत असेल, तर ठरलेल्या किलोमीटरआधीच एअर फिल्टर तपासा.
• ऑइल फिल्टर तुंबला की अनेक इंजिनांत बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल फिरत राहतं. म्हणून फिल्टर वेळेवर बदला. त्याची ओ-रिंगही नवी टाका.
• १०० सीसीच्या अनेक बाइकमध्ये कागदी ऑइल फिल्टर नसतो. तिथे जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर मॅन्युअलनुसार साफ करून घ्या.

ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं का?

नाही. ऑइल इंजिनातली काजळी स्वतःत धरून ठेवतं, त्यामुळे ते काळं पडतंच. रंगापेक्षा किलोमीटर आणि महिने पाहा. पातळीही तपासत राहा. ती खुणेपेक्षा कमी नको आणि जास्तही नको.

गॅरेजमध्ये एवढं नक्की करा

• ग्रेड, जासो आणि एपीआय ही तिन्ही नावं मॅन्युअलशी जुळवा.
• सीलबंद डबा समोर उघडायला लावा. रिकामा डबा भोक पाडूनच टाका, म्हणजे त्यात पुन्हा बनावट ऑइल भरलं जाणार नाही.
• जुनं ऑइल बांधावर किंवा गटारीत ओतू नका. नियमानुसार तो घातक कचरा आहे. वापरलेलं ऑइल गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडेच ते द्या.