एका फळीची किमया

मुंबईच्या बीडीडी चाळीतली मूळ खोली १६० चौरस फुटांची. एवढ्यात बिऱ्हाड थाटायचे, पाहुण्याला बसवायचे आणि रात्री सर्वांच्या पथाऱ्या पसरायच्या, म्हणजे सामानाने दिवसातून दोनदा तरी वाटेतून दूर व्हायलाच हवे. घडीची खुर्ची, घडीचे टेबल, भिंतीला टेकवायची खाट ही मंडळी अशा घरांत हौसेने आली नाहीत; अडचणीतून आली. म्हणूनच की काय, त्यांच्याकडे कौतुकाने पाहावे असे कुणाच्या मनात येत नाही.

आणि खरे सांगायचे तर पुष्कळशा वस्तू त्या कौतुकाच्या नसतातही. बिजागरी कुरकुरते, बोट चिमटते, पाहुणा टेकता टेकता खुर्ची मिटते! पण दोष घडीचा नव्हे. आधी साधी खुर्ची कल्पायची आणि मागाहून स्क्रू मारून तिला दुमडायला लावायचे, मग ती कुरकुरणार नाही तर काय?

याच्या उलट रेहाल पाहा. कुराण किंवा पोथी ठेवायची, फुलीसारखी उघडणारी ती लाकडी बैठक. तिला ना खिळा, ना सरस, ना बिजागरी. सुतार एकच जाड फळी घेतो. मध्यापासून जरा एका अंगाला, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसे आळीपाळीने दाते कोरतो. मग दोन्ही टोकांकडून फळी जाडीच्या मधोमध चिरत त्या दात्यांपर्यंत आणतो. इथवर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. फळी ती फळीच दिसते. ती हलकेच उघडली, की दोन फळ्या एकमेकींच्या आरपार गेलेल्या! वरच्या लांब पाकळ्यांवर ग्रंथ, खालच्या आखूड पाकळ्यांचे पाय. लाकडात भर काहीच घातली नाही; जे केले ते करवतीने आणि पटाशीने.

मात्र इथे चुकीला क्षमा नाही. खुर्चीचा पाय मोडला तर दुसरा बसवता येतो. रेहालचा एक दाता तुटला तर तो बदलणार कसा? तो त्याच फळीचा अंश. शेवटल्या दात्यावर करवत सूतभर सरकली, तर सगळी मेहनत वाया.

ही विद्या जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १३६० साली घडवलेली सागवानी रेहाल आहे. अंगभर कोरीव काम, तरी मिटण्यात कसूर नाही.

आधुनिकांनाही हीच वाट खुणावते. डेन्मार्कच्या कारे क्लिंट यांनी १९३० साली घडीच्या स्टुलाची रचना केली. त्याचे पाय विमानाच्या पंख्यासारखे पिळदार. मिटले की दोन पायांचा मिळून एक गोल दांडा होतो. हॉलंडच्या रॉबर्ट व्हॅन एम्ब्रिक्स यांनी तर सपाट लाकडात लांब पट्ट्या चिरून, त्याच उचलून टेबल उभे केले. भिंतीत दडणाऱ्या आजच्या यांत्रिक पलंगांपेक्षा मला ही माणसे अधिक हुशार वाटतात. पलंग दडवायला कपाट लागते. यांची वस्तू स्वतःतच दडते.

रेहाल विकत घ्यायची झाल्यास सहारनपूरची शिसमाची किंवा काश्मीरची अक्रोडाची बाजारात मिळते. नक्षीवर भाळण्याआधी ती मिटवा आणि टोकाकडून पाहा. वरच्या पाकळीतली लाकडाची रेषा चिरेपलीकडे खालच्या पाकळीत तशीच पुढे गेलेली दिसली, तर फळी एकच आहे.